नागपुरात बसून समुद्रात औषध शोधताना : जनावरांच्या जंतांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की हिंगणा, काटोल, उमरेडकडच्या कळपांतल्या बकऱ्या सुकायला लागतात. खालची पापणी उलटवून पाहिली तर आतला भाग पांढराफटक, जबड्याखाली पाणी उतरलेलं. कास्तकार सांगतो, "डॉक्टरसाहेब, जंताचं औषध तर पंधरा दिवसांआधीच पाजलं." तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. औषध पाजलेलं असतं, पण ते जंतांना लागू पडलेलं नसतं.

हा जंत म्हणजे हिमाँकस कॉन्टॉर्टस. बकरीच्या चौथ्या पोटात, म्हणजे अबोमेझममध्ये, तो राहतो आणि रक्त पितो. एक प्रौढ जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. आपल्याकडे त्याच्यावर मुख्यतः तीन घराण्यांची औषधं वापरली जातात: अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलचं, लेव्हामिसोलचं आणि आयव्हरमेक्टिनचं. याशिवाय क्लोसँटेल आहे. पहिल्या तिन्ही घराण्यांना दाद न देणारे जंत जगभर सापडले आहेत. एवढी अंडी, एवढ्या पिढ्या आणि वर्षानुवर्षं तेच औषध असं असल्यावर दुसरं काही होणारच नव्हतं.

पदव्युत्तर पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि मत्स्यविज्ञानाची मुलं मला विचारतात, की समुद्री जीवांतून नवं औषध शोधायचं काम नागपुरात होऊ शकतं का. हा लेख त्यांच्यासाठी आहे. होऊ शकतं, आणि चांगलं होऊ शकतं. अट एकच: सुरुवात समुद्रापासून करायची नाही, जंतापासून करायची. ज्या प्रयोगशाळेत जंताची चाचणी पक्की बसली आहे तिला समुद्राचा नमुना कुठूनही मिळतो. ज्यांच्याकडे फ्रीजर भरून स्पंज आणि शेवाळ आहे पण जिवंत अळ्या नाहीत, त्यांच्या हाती शेवटी काही लागत नाही.

समुद्रच का

जपानमध्ये डिजेनिया सिम्प्लेक्स नावाचं लाल समुद्री शेवाळ माणसांच्या पोटातले जंत पाडायला शेकडो वर्षं वापरात होतं. १९५३ मध्ये त्यातला गुणकारी पदार्थ वेगळा झाला, तो कायनिक आम्ल. त्याच्याच जवळचं डोमोइक आम्ल काँड्रिया आर्माटा या दुसऱ्या लाल शेवाळातून मिळालं. तेही लोक जंतांवर वापरत. मग १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. त्यामागे हेच डोमोइक आम्ल निघालं. शिंपल्यांनी ते सूक्ष्म शेवाळातून पोटात साठवलं होतं. जंताच्या मज्जासंस्थेवर काम करणारा पदार्थ जनावराच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेवरही काम करू शकतो. हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, खाली त्याची गरज पडणार आहे.

दुसरं उदाहरण आपल्या वावरातलं आहे. मासेमारीसाठी गळाला लावतात त्या एका समुद्री किड्याच्या मेलेल्या अंगावर बसणाऱ्या माश्या मरतात, हे जपानी लोकांच्या लक्षात आलं होतं. १९३४ मध्ये त्यातलं विष वेगळं केलं गेलं, त्याला नेरीस्टॉक्सिन म्हणतात. त्याच्या रचनेवरून पुढे कारटॅप हे कीटकनाशक तयार झालं. भंडारा-गोंदियाच्या धानात खोडकिड्यासाठी जे कारटॅप हायड्रोक्लोराइड टाकतात ते हेच. समुद्रातला रेणू विदर्भाच्या बांधीत कधीच पोचला आहे, आणि तोही स्वस्तात, कारण मूळ विष समुद्रातून उपसत बसण्याऐवजी रसायनशास्त्रज्ञांनी त्यासारखाच साधा रेणू कारखान्यात बनवला.

तिसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथे मेंढ्यांचा व्यवसाय मोठा, म्हणून हिमाँकसची डोकेदुखीही मोठी. नव्वदच्या दशकापासून तिथल्या संशोधकांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावरचे स्पंज थेट हिमाँकसच्या अळ्यांवर तपासले. जिओडिन, अँफिलॅक्टॅम, थायोसायनॅटिन, ऑनामाइड एफ, फोरिओस्पाँजिन अशी रेणूंची रांगच त्यातून निघाली. अलीकडे ग्रिफिथ विद्यापीठाच्या नेचरबँक या संग्रहातले अर्क मेलबर्न विद्यापीठाच्या अळ्यांच्या चाचणीवर लावून आणखी काही मिळाले, त्यात डिसिडेनिन आहे, ज्याचा हिमाँकसवरचा परिणाम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. यातला एकही अजून बकरीच्या औषधाच्या बाटलीत आलेला नाही. का नाही, ते किमतीच्या भागात येईल.

पायरी पहिली : एकच परजीवी निवडा

जंत, गोचीड, यकृतातला पर्णकृमी, सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) सगळंच करू म्हणणारा विद्यार्थी दोन वर्षांनी कशातच पुढे गेलेला नसतो. नव्या माणसाने हिमाँकस घ्यावा. अंडी भरपूर मिळतात, अळ्या फ्रिजमध्ये काही महिने टिकतात आणि जगभरातल्या आकड्यांशी तुलना करता येते.

गोचिडावरच काम करायचं असेल तर तेही नागपुरात सोपं आहे. गोठ्यातून रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या आणायच्या, २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवायच्या, अंडी घालू द्यायची. १४ ते २१ दिवसांच्या पिल्लांना औषध लावलेल्या कागदी पाकिटात २४ तास ठेवून मेलेली मोजायची. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी होते की अंडी सुरकुतून जातात. तेव्हा डेसिकेटरच्या, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या, तळाशी पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, आतली आर्द्रता आपोआप ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. महागड्या यंत्राची गरज नाही.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतला बारीक गोलकृमी अनेकजण जंताऐवजी वापरतात. हात बसवायला तो उत्तम आहे. पण तो मोकळा जगणारा प्राणी आहे, बकरीच्या पोटातला नाही. त्याच्यावर चाललेला अर्क हिमाँकसवर चालेलच असं नाही, आणि उलटही खरं. शिवाय त्याला २० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. आपल्या उन्हाळ्यात थंड इन्क्युबेटर आणि त्याला इन्व्हर्टर नसेल तर एका दुपारच्या लोडशेडिंगमध्ये त्याची पैदास बुडते. मुख्य निर्णय हिमाँकसवरच घ्या.

पायरी दुसरी : जंत हाताशी ठेवा

कत्तलखान्यातून बकरीचं चौथं पोट मिळवा. त्यासाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीच घ्या, कसायाशी नीट बोला आणि पहाटे वेळेवर पोचा. पोट मोठ्या वाकाने उघडलं की भिंतीला चिकटलेल्या २ ते ३ सेंटिमीटरच्या माद्या दिसतात. रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळून गेलेलं पांढरं गर्भाशय, त्यामुळे लाल-पांढरा पीळ उघड्या डोळ्यांनी ओळखू येतो. नर लहान आणि सरसकट लालसर असतात. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट सलाइनमध्ये हे जंत साधारण दिवसभर वळवळत राहतात. तेवढ्यात प्रौढ जंतांची चाचणी उरकायची.

रोजच्या कामाला मात्र अंडी आणि अळ्या लागतात. त्यासाठी शक्यतो एक पाळीव दाता बकरा ठेवा, ज्यात फक्त हिमाँकस आहे. बाजारातल्या बकरीच्या लेंड्यांत चार जातींची अंडी असतात आणि ती दिसायला सारखीच. कोणत्या जातीचा जंत आहे हे एकदा पीसीआरने पक्कं करून घ्या. दाता बकऱ्यातल्या जंतांना आधी कोणती औषधं मिळाली, कोणत्या औषधाला ते दाद देत नाहीत, हेही तपासून नोंदवा. प्रतिकार असलेला एक आणि नसलेला एक असे दोन वाण जवळ असले तर फारच चांगलं. नव्या अर्काने प्रतिकारी वाणावरही तेवढाच परिणाम दाखवला तर तिथे नवं काही असण्याची आशा जास्त.

लेंड्या ताज्याच हव्यात. अंड्यांच्या चाचणीसाठी गोळा केल्यापासून ३ तासांच्या आत काम सुरू करा. नाहीतर भरलेल्या, हवाबंद बाटलीत ठेवा. उशीर झाला की अंड्यात गर्भ वाढतो आणि आकडे खोटे येतात. काटोलहून बसने पिशवीत घालून आणलेल्या लेंड्यांवर अंड्यांची चाचणी करू नका, त्यांच्यापासून अळ्या तयार करा.

अळ्यांसाठी लेंड्या कुस्करून, किंचित ओल्या करून, झाकण सैल ठेवलेल्या बरणीत २५ ते २७ अंशांवर आठवडाभर ठेवायच्या. रोज बरणी उघडून हवा द्यायची, कोरडं वाटलं तर पाण्याचा फवारा मारायचा. मग बेअरमन पद्धतीने, म्हणजे कोमट पाणी भरलेल्या नरसाळ्यावर मलमलीत बांधून ठेवून, तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या खाली उतरवून घ्यायच्या.

पायरी तिसरी : चाचणी बसवा, मग अर्काला हात लावा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सगळ्यात सोपी चाचणी अंडी फुटण्याची. लेंड्या पाण्यात कुस्करून चाळण्यांमधून गाळायच्या. हिमाँकसचं अंडं साधारण ७० ते ८५ मायक्रॉन लांब असतं, म्हणून १०० मायक्रॉनच्या चाळणीतून ते खाली जातं आणि २५ मायक्रॉनच्या चाळणीवर अडकतं. मग संपृक्त मिठाच्या पाण्यात तरंगवून वर आलेली अंडी घ्यायची आणि ताबडतोब भरपूर साध्या पाण्याने धुवायची. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या प्रत्येक खाचेत साधारण शंभर अंडी, त्यात तपासायचा पदार्थ, २५ अंशांवर ४८ तास. शेवटी ल्युगोल आयोडिनचा थेंब टाकून सगळं थांबवायचं आणि न फुटलेली अंडी आणि बाहेर आलेल्या अळ्या मोजायच्या.

दुसरी चाचणी अळ्यांच्या हालचालीची. तिसऱ्या अवस्थेतली अळी कवचात असते, खातपीत नाही, त्यामुळे औषध तिच्या आत सहज पोचत नाही. बकरीच्या पोटात ती हे कवच टाकते. प्रयोगशाळेत सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात काही मिनिटं ठेवून ते काढता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: टोकाला कवच सैल पडतं, अळी आतून सरकते आणि मागे रिकामी, पारदर्शक नळी राहते. बहुतेक अळ्या बाहेर आल्या की लगेच धुवा, नाहीतर हायपोक्लोराइटच त्यांना मारेल. त्यानंतर ९६ खाचांच्या प्लेटवर पदार्थ लावून एक-दोन दिवसांनी किती अळ्या हलतात ते पाहायचं. हालचाल आपोआप मोजणारी यंत्रं आहेत. नसतील तर मोबाइल सूक्ष्मदर्शकाला लावून प्रत्येक खाचेचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि नंतर मोजा. मोजणाऱ्याला कोणत्या खाचेत काय आहे हे कळता कामा नये, म्हणून नमुन्यांना कोड द्या आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही, कारण आपला अर्क चालावा असं मनात असलं की मंद हलणारी अळीसुद्धा मेलेली दिसते.

प्रत्येक प्लेटवर या खाचा हव्यातच: नुसतं पाणी, नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रव; अर्कांबरोबर जेवढं जातं तेवढंच, १ टक्क्याच्या आत), आणि खात्रीने काम करणारं औषध. अंड्यांच्या चाचणीत थायाबेंडाझोल, अळ्यांच्या चाचणीत लेव्हामिसोल किंवा मोनेपँटेल. महिनाभर फक्त याच खाचा लावत बसा. औषधाच्या खाचा आणि पाण्याच्या खाचा यांच्यातलं अंतर दर वेळी मोठं आणि सारखं येतं का ते पाहा. त्याचं माप झेड-प्राइम या आकड्याने काढतात. तो ०.५ च्या वर स्थिर राहिला की चाचणी बसली. मग समुद्र.

पायरी चौथी : परवानग्या

प्रवाळ, समुद्री काकड्या, समुद्री पंखे आणि आणखी बरेच समुद्री जीव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावायचा नाही, किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काहीही उचलायचं नाही.

जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. नमुने परदेशात पाठवायचे असतील, परदेशी भागीदार असेल किंवा पेटंटचा विचार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आधी करावी लागते. व्यापारी वापराचा विचार असेल तर राज्य मंडळाशी संबंध येतो. आपल्यासाठी चांगली गोष्ट ही की महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. कोकणातल्या संशोधकाला ज्या कार्यालयात येण्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो तिथे तुम्ही दुपारी जाऊन येऊ शकता. काम सुरू करण्याआधी जा, आपला प्रकल्प एका पानावर लिहून न्या आणि कोणता अर्ज लागतो ते विचारून घ्या. पेटंटच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा हे फार बरं.

पायरी पाचवी : समुद्र नागपुरात आणणे

तीन वाटा आहेत.

एक, ज्यांच्याकडे नमुने आहेत त्यांच्याशी भागीदारी. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, शेवाळांसाठी भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था. त्यांच्याकडे समुद्र आहे, ओळख पटवणारे तज्ज्ञ आहेत. हिमाँकसच्या जिवंत अळ्या मात्र सहसा नसतात. तुमच्याकडे बसलेली चाचणी असेल तर तुम्ही मागायला नाही, काहीतरी द्यायला जाता.

दोन, स्वतः किनाऱ्यावर जाणे. रत्नागिरी, देवगडच्या खडकाळ किनाऱ्यांवर सारगॅसम, उल्व्हा, पॅडिना अशी शेवाळं हिवाळ्यात चांगली असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतात, पंचांग पाहून दिवस ठरवा आणि स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. शेवाळ खडकावरून मुळासकट खरवडू नका. थोडं कापून घ्या किंवा किनाऱ्यावर आलेलं ताजं घ्या. प्रत्येक नमुन्याचा फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि ओळख पटवण्यासाठी एक तुकडा दाबून वाळवलेला. ओळख नसलेला नमुना म्हणजे कचरा, त्यात उद्या कितीही चांगलं काही सापडलं तरी तो पुन्हा मिळवता येत नाही. नमुना अल्कोहोलमध्ये बुडवून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं नाही, ज्वलनशील द्रव रेल्वेत नेता येत नाही. समुद्राच्या पाण्यात चटकन खंगाळून, सावलीत वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून आणा. ओला नमुना हवाच असेल तर संस्थेमार्फत बर्फात पाठवा.

तीन, समुद्री जिवाणू. नव्या माणसाने हीच वाट धरावी असं माझं ठाम मत आहे. स्पंजात सापडलेले अनेक रेणू खरं तर स्पंजात राहणारे जिवाणू बनवतात. किनाऱ्यावरचा मूठभर गाळ आणला की त्यातून ॲक्टिनोमायसीट, म्हणजे बुरशीसारखे धागे करून वाढणारे जिवाणू, वाढवता येतात, आणि त्यासाठी लागणारं समुद्राचं पाणी मत्स्यालयाच्या दुकानातलं सागरी मीठ घालून नागपुरातही तयार होतं: लिटरला साधारण ३५ ग्रॅम. गाळ वाळवून, थोडी उष्णता देऊन पसरवा म्हणजे भराभर वाढणारे जिवाणू मागे पडतात. मग धीर धरा, काही वसाहती दिसायला महिना लागतो. कोरड्या, खडूसारख्या, माध्यमाला घट्ट चिकटलेल्या वसाहती उचला. गाळ आणणंही शक्य नसेल तर पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगडचा एमटीसीसी संग्रह यांच्याकडे ओळख पटलेले जिवाणू मिळतात. आयव्हरमेक्टिन असंच आलं. सातोशी ओमुरा यांनी जपानच्या कावानाजवळच्या मातीतून आणलेला स्ट्रेप्टोमायसीस गटातला एक जिवाणू, आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने जंत घातलेल्या उंदरांवर केलेली चाचणी. २०१५ चं नोबेल दोघांना मिळालं. जिवाणू बाटलीत वाढतो, पुन्हा पुन्हा वाढतो, समुद्र ओरबाडावा लागत नाही.

लोणारबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं. लोणारचं पाणी खारं आणि क्षारीय आहे, तिथले जिवाणू वेगळे आणि फार रंजक आहेत, पण ते सागरी नाहीत. आणि ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनखात्याच्या परवानगीने तो स्वतंत्र प्रकल्प करा.

पायरी सहावी : अर्क, आणि मीठ

वाळवलेला नमुना दळून मिथेनॉलमध्ये, किंवा मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन समप्रमाणात घेऊन, रात्रभर ठेवा, गाळा, कमी दाबावर ४० अंशांच्या आत उडवा. नागपूरसाठी दोन सूचना. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या जरा आधीच उकळतं, आणि आपलं मेमधलं तापमान ४५ च्या पुढे जातं. वीज गेलेल्या खोलीत त्याची बाटली ठेवू नका, उघडताना तर फारच जपून. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात इतकं गरम येतं की रोटरी इव्हॅपोरेटरचा कंडेन्सर थंडच होत नाही. चिलर नसेल तर बर्फाच्या बादलीतून छोट्या पंपाने पाणी फिरवा.

आता मीठ. समुद्री नमुन्याचा मिथेनॉल अर्क सुकवला की फ्लास्कच्या काचेवर पांढरे, चौकोनी कण दिसतात. मिथेनॉलमध्ये मीठ थोडं विरघळतं, त्यामुळे अर्काच्या वजनात मिठाचा मोठा वाटा असू शकतो. असा अर्क जास्त मात्रेत लावला की अंडी फुटत नाहीत, अळ्या मंदावतात आणि विद्यार्थी आनंदाने धावत येतो. अर्काचा थोडा भाग पाण्यात घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका बसला तर मीठ भरपूर आहे. मग अर्क पाण्यात घेऊन ब्युटॅनॉलने काढा, किंवा सी-१८ च्या काडतुसावर (तेलकट पदार्थ धरून ठेवणाऱ्या भुकटीच्या छोट्या नळीवर) चढवा: पाण्याबरोबर मीठ निघून जातं, मिथेनॉलने उरलेलं उतरवून घ्यायचं. प्लेटवर तेवढ्याच मिठाची एक खाच लावा, म्हणजे शंका उरत नाही.

दुसरा धोका प्लास्टिकचा. नळ्या, टिप, पार्सलच्या पिशव्या यातून थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं रसायन, अर्कात येतं. एलसी-एमएसमध्ये (पदार्थ वेगळे करून रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) ३९१ वर उंच शिखर दिसलं की उत्साह आवरा, बहुधा ते समुद्राचं नाही. अर्क काचेतच ठेवा.

पायरी सातवी : हिट, म्हणजे चाललेला अर्क, आला. आता तो पाडायचा प्रयत्न करा

जो अर्क अळ्या थांबवतो तो आधी पुन्हा लावा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या अळ्यांवर. टिकला तर मात्रा उतरती करत जा. मग बकरीचं रक्त घ्या, तांबड्या पेशी धुऊन त्याच मात्रेत अर्क घाला. पेशी फुटून द्रव लाल झाला तर अर्कात बहुधा साबणासारखा पदार्थ आहे, जो दिसेल त्या पेशीचं आवरण फोडतो. ही तासाभराची चाचणी पुढच्या वर्षभराचे कष्ट वाचवते. त्यानंतर यकृताच्या पेशींवर विषाक्तता तपासा. जंत थांबवणारी मात्रा आणि पेशी मारणारी मात्रा यांच्यात निदान दहा पटींचं अंतर हवं, जास्त असेल तितकं चांगलं. डोमोइक आम्लाची गोष्ट इथे आठवा. यकृताच्या पेशी त्या विषाला ओळखणार नाहीत, म्हणून मज्जासंस्थेवरचा परिणाम वेगळा तपासावा लागतो.

एवढ्यातून टिकलेला अर्क रसायनशास्त्रज्ञाकडे न्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांना सहलेखक म्हणून सोबत घ्या. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा अळ्यांवर, जो चालतो तो आणखी फोडायचा. प्रत्येक टप्प्यावर वजन लिहा. वजन कमी होत जातं तशी ताकद वाढली पाहिजे. वाढत नसेल तर पदार्थ वाटेत नासतोय किंवा दोन पदार्थ मिळून काम करतात. शुद्ध करण्याआधीच एलसी-एमएसचे आकडे जीएनपीएस आणि मरीनलिट या माहीत असलेल्या रेणूंच्या माहिती-संग्रहांशी ताडून पाहा. आधीच माहीत असलेला रेणू दोन वर्षं खपून पुन्हा शोधण्यात अर्थ नाही. नवा वाटला तर एनएमआर, म्हणजे रेणूची रचना उलगडणारी तपासणी.

किंमत

आता ते ऑस्ट्रेलियातले रेणू बाटलीत का आले नाहीत, त्याकडे येऊ. हॅलिकॉन्ड्रिन बी हा स्पंजातला रेणू घ्या, ज्याच्यावरून पुढे एरिब्युलिन हे कर्करोगाचं औषध झालं. ६०० किलो स्पंजातून तो १२.५ मिलिग्रॅम मिळाला होता. कर्करोगाच्या औषधाला अवघड संश्लेषणाचा खर्च परवडतो. बकरीला पाजायच्या औषधाला परवडत नाही. कळपातल्या तीसेक बकऱ्यांना कास्तकार वर्षातून दोन-तीनदा औषध पाजतो, आणि एका डोसची किंमत काही रुपयांच्या पुढे गेली की तो बाटली परत ठेवतो. यात त्याची चूक नाही, त्याचं गणित तसंच आहे.

म्हणून शुद्ध रेणूची रचना हाती आली की त्याच दिवशी विचारा: हा बाटलीत वाढणाऱ्या जिवाणूतून मिळेल का? नाहीतर कारटॅपसारखी याची साधी प्रतिकृती बनेल का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर शोधनिबंध लिहा आणि पुढच्या अर्काकडे वळा.

बकरीपर्यंत

जिवंत जनावरावर जाण्याआधी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मान्यता लागते, बकऱ्यांसाठी सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार. आधी उंदरांत सुरक्षितता, मग जंतमुक्त वाढवलेल्या करडांना मोजून अळ्या पाजायच्या, तीन आठवड्यांनी जंत प्रौढ झाले की औषध. प्रत्येक गटात निदान सहा जनावरं. लेंडीतली अंडी मॅकमास्टर स्लाइडवर (अंडी मोजायची रेघा आखलेली काच) औषधाआधी आणि १० ते १४ दिवसांनी मोजायची. दुधात आणि मांसात औषध किती दिवस राहतं, आणि शेणातून बाहेर पडलेलं औषध शेणकिड्यांना मारतं का, हेही याच टप्प्यात पाहायचं. आयव्हरमेक्टिनचा शेणकिड्यांवरचा दुष्परिणाम सगळ्यांना माहीत आहे, नव्या औषधाने तो पुन्हा आणू नये.

कामाचं वर्ष असं लावा. जुलै ते ऑक्टोबर लेंड्यांत अंडी भरपूर असतात, तेव्हा दाता बकरा तयार करणं, अळ्या साठवणं आणि चाचणी बसवणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनारा, गाळ, शेवाळ, जिवाणू. मार्चपर्यंत अर्क काढून मीठ उतरवून ठेवा आणि ज्या प्लेट लावायच्या त्या लावून घ्या. एप्रिल-मेमध्ये नवीन अळ्या तयार करायच्या भानगडीत न पडता व्हिडिओ मोजा, कोडांची यादी उघडा, आणि जैवविविधता मंडळाचा अर्ज राहिला असेल तर तो भरा.